शाळेचे छप्पर बुडेपर्यंत पाणी उतरू न देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
स्थलांतर विभाग, कालवा बांधकाम कचेरी,
गातून.

अर्जदार: बेनिल्दा कोर्दोबा, शिक्षिका, गाव सांता रुफिना (पाण्याखाली), हल्ली मुक्काम नवी वसाहत.

विषय: धरणाचे दरवाजे तूर्त न उघडण्याबाबत.
संदर्भ: सोमवारी दरवाजे पुन्हा उघडून पाहणार असल्याची, वसाहतीच्या धक्क्यावर लावलेली आपली सूचना.

महोदय,

पाणी चढवू नका, असे अर्ज आपल्याकडे पुष्कळ आले असतील. गेल्या वर्षी तसा एक मीही केला होता. आज नेमके उलटे मागत आहे, म्हणून आधी कारण सांगते.

चाग्रेस नदीचा पूर आम्हाला नवा नाही. पावसाळ्यात ती अंगणात येई, कधी घरात शिरे, आणि ऊन पडू लागले की परत जाई. आपण तिला गातूनला धरणाची भिंत घालून अडवले तेव्हा सारे गाव वसाहतीत आले. क्रिसांतो आजोबा मात्र आले नाहीत. प्रत्येक मोठ्या पुराची खूण त्यांनी घराच्या खांबावर कोयत्याने कोरली आहे. सर्वांत वरच्या खुणेहून थोडी उंच जागा बघून त्यांनी टेकडीवर झोपडी बांधली. सोबत त्यांची पोरकी नात दोमितिला आहे. ती माझी विद्यार्थिनी.

त्या टेकडीचे आता बेट झाले आहे. मी रोज होडीने जाते, मुलीला धडा देते, आजोबांना समजावते. एकदा बुडाला भोक असलेले भांडे नेले. भोकावर अंगठा दाबून पाणी भरून दाखवले आणि म्हटले, हा अंगठा म्हणजे गातूनची भिंत. आजोबा हसले. म्हणाले, "बाई, अंगठा दुखायला लागला की माणूस काढतोच की. तोवर मी बसतो."

तरी पाणी उंबऱ्याला लागले तसे ते डगमगले. कोंबड्या टोपलीत भरल्या, उद्या येतो म्हणाले. त्याच दिवशी आपण दरवाजे उघडून पाहिलेत आणि पाणी हातभर उतरले. दुसऱ्या दिवशी मी पोचले तर आजोबा चिखलात मका पेरत होते. "काढला बघा अंगठा," एवढेच म्हणाले. आता लागणार नाही म्हणून त्यांनी स्वतःची होडी फोडून कोंबड्यांचे खुराडे केले होते.

दरवाजे पुन्हा बंद झाले. मका गेला, खुराडे गेले. पाणी झोपडीत आहे आणि दोघे माळ्यावर राहतात. आपली मोटारबोट त्यांना आणायला गेली तेव्हा आजोबा कोयता घेऊन उभे राहिले. आपली माणसे परतली, त्यात त्यांचा दोष नाही. मुलगी एकटी येत नाही. म्हणते, "मी आले तर आजोबांना कोण सांगेल पाणी कुठवर आलं? त्यांना लांबचं दिसत नाही."

आजोबांचे आता एकच म्हणणे आहे. आमची शाळा गावातल्या उंचवट्यावर आहे, तिचे छप्पर आजवर कोणत्याही पुरात बुडाले नाही. ते बुडाले की उठेन. रोज सकाळी ते नातीला विचारतात, छप्पर दिसते का. नाही म्हण, असे मी तिला शिकवून पाहिले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण बाई, दिसतंय की." ते छप्पर मोडायलाही मी गेले होते. मोडले नाही, लाकूड चांगले आहे. गावाने मन लावून बांधले होते.

आता वीतभर छप्पर उरले आहे. तरंगती झाडे वाट अडवू लागली आहेत, माझी होडी आणखी किती दिवस पोचेल सांगता येत नाही. सोमवारी पाणी बोटभर जरी उतरले, तरी आजोबा पुन्हा मका पेरायला उतरतील.

म्हणून सोमवारी दरवाजे उघडू नयेत, आणि छप्पर दिसेनासे होईल त्या दिवशी मोटारबोट बेटाजवळ तयार ठेवावी. माझे सारे आयुष्य ज्या छपराखाली शिकवण्यात गेले, ते लवकरात लवकर बुडवावे, ही हात जोडून विनंती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
बेनिल्दा कोर्दोबा
१९ नोव्हेंबर १९१२

सोबत: दोमितिलाने माळ्यावरून काढलेले शाळेचे चित्र. छप्पर जेवढे दिसते तेवढेच तिने काढले आहे.