जाळीपलीकडची खुर्ची

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आज शेवटचा बाक बसवला. डुगडुगत होता. फरशीच वाकडी, बाकाचा काय दोष! एका पायाखाली नखभर तासलं, तेव्हा कुठे गप्प झाला. दिवसभर चर्चमध्ये मी आणि माझा रंधा. घंटावाल्या काकू तेवढ्या येऊन जातात — झाडतात, वेळेवर घंटा ओढतात, माझ्याकडे बघून मान हलवतात. ठार बहिऱ्या. शेजारी तोफ डागली तरी त्यांचा झाडू थांबायचा नाही. सगळं गाव त्यांच्याशी खुणांनीच बोलतं. मीही. माझ्या तोंडात तसेही खिळे असतात.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "बाबा, चर्चचं काम संपलं की इकडे या. कायमचे. तिथे आता आहे कोण तुमचं?"

खोटं थोडंच बोलत होती? जुनी हत्यारं घेणारा व्यापारीही तिनेच शोधलाय. सोळा तारखेला येऊन कामाचं टेबल, पटाश्या, करवती, सगळं उचलणार. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, सकाळपासून तोंडातून निघालेला हा पहिलाच शब्द.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

वेदीला पॉलिश. जेवलो. एकटाच — हे लिहायची तरी काय गरज!

सोमवार, ९ फेब्रुवारी

बाक झाले, वेदी झाली. राहिलं ते पापनिवेदनाचं कपाट. फादर त्याला कक्ष म्हणतात, पण मला ते कपाटच वाटतं. एका बाजूला फादरांची खुर्ची, दुसऱ्या बाजूला गुडघे टेकायची फळी, मध्ये जाळी. घोळ असा, की हे दोन माणसांचं काम आहे! खुर्चीतल्याचा कान आणि टेकलेल्याचं तोंड एका रेषेत यायला हवं. मी खुर्चीत बसतो, खूण करतो, बाहेर येतो, पलीकडे टेकतो, की पुन्हा खुर्चीत. गुडघे बोलायला लागले. शेवटी खुर्चीच्या पाठीला काठी बांधली, काठीवर टोपी अडकवली आणि टोपीलाच फादर मानलं.

आमची ही असती तर पोट धरून हसली असती. दुकानात नुसती बसून असायची. "टोक धरू का?" म्हणायची. फळीचं दुसरं टोक धरणारं माणूस गेलं की सुतारानं काय करायचं? मला तिचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग येतो, हे कोणाला सांगायचं!

बुधवार, ११ फेब्रुवारी

टोपीला कान नसतात. माप चुकलं! मग काकूंना खुणेनं खुर्चीत बसायला सांगितलं. आधी तयार नव्हत्या. "अहो, ती फादरांची जागा!" एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की छपरातली कबुतरं उडाली. मग बसल्या ऐटीत.

मी पलीकडे टेकलो. कामाचा दिवा माझ्या बाजूला, त्यांची बाजू अंधारात. जाळीची भोकं मी मुद्दाम मोठी ठेवलीत, म्हाताऱ्यांचा आवाज पलीकडे पोचायला हवा. उंची बघायला तोंड जाळीशी नेलं आणि "एक, दोन, तीन" म्हटलं. मग वाटलं, इथे ऐकतंय कोण? आणि सुटलोच!

अजूनही दोन ताटं घेतो आणि एक परत ठेवतो, ते सांगितलं. हिचा राग येतो, ते सांगितलं. सोळा तारखेला व्यापारी येईल, हत्यारं नेईल, आणि लेकीकडे मी पाहुणा होऊन खिडकीत बसेन, सगळे माझ्याशी गोड बोलतील — नाही जायचं मला! "इथेच राहायचंय," म्हटलं, "पण कोणासाठी, ते सांगता येत नाही. म्हणून बरं म्हणालो." रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो.

बाहेर आलो तर काकू डोळे चोळत होत्या. भुसा गेला असणार. त्यांना तिथे एवढा वेळ बसवायला नको होतं. माप मात्र बरोबर जमलं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

कपाट उभं राहिलं. फादर आले, बाहेरून हात फिरवला, "छान झालंय" म्हणाले आणि पळाले. एका माणसाच्या गळ्यात चार गावं, थांबणार कसे! हत्यारं पुसून ठेवली. मोठ्या पटाशीला धार लावली. विकायचीच, तर बोथट कशाला विकायची.

लेकीला कळवलं, मंगळवारी निघतो.

रविवार, १५ फेब्रुवारी

मिस्सेच्या प्रार्थनेला लोक नव्या बाकांवर बसले. एकही करकरला नाही. मी मागे भिंतीशी उभा. कोणी वळून बघितलं नाही. बघतील कशाला? बाक करकरला तरच सुतार आठवतो. घरी आलो, काल केलेला भात खाल्ला. फार एकटं वाटलं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

व्यापाऱ्याची वाट बघून कंटाळलो. दुपारी चर्चमध्ये राहिलेला रंधा आणायला गेलो. काकू पायरीवर बसल्या होत्या. टेम्पो सकाळीच येऊन गेला म्हणे, माझं घर विचारत! काकूंनी त्याला तिथूनच परत पाठवला. "म्हटलं, मिस्त्रींना काही विकायचं नाहीये. कुठे जायचंही नाहीये."

मी खुणेनं विचारलं, कोणी सांगितलं तुम्हाला?

त्यांनी मनगट धरून मला कपाटाशी नेलं आणि जाळीवर बोट ठेवलं.

"भोकं लहान करा," म्हणाल्या. "ओठ दिसतात."