भोकरगल्लीची नवी पाटी

दादा,

‘प्रिय’ वगैरे नंतर लिहीन. आधी भांडायचंय. आज आपल्या भोकरगल्लीच्या तोंडाशी निळी पाटी लागली. तिच्यावर तुझं नाव आहे. आधी ‘हुतात्मा’, शेवटी ‘मार्ग’. भोकर गेलं!

तुला नावांचं केवढं वेड! चिंचपोकळीच्या पुलावर मला थांबवायचास. ‘मंदे, चिंचांनी भरलेली खोलगट जागा होती ही. डोळे मिटून बघ.’ मला दिसायच्या गिरण्यांच्या चिमण्या. तू चिडायचास. आपल्या गल्लीतलं भोकराचं झाड गिरणीच्या भिंतीसाठी तोडलं, तेव्हा म्हणाला होतास, ‘आता ते फक्त नावात उरलंय. नाव पुसलं की झाड दुसऱ्यांदा तोडलं.’ आणि मुंबईला कुणी ‘बाँबे’ म्हटलं की हातघाईवरच यायचास!

त्या दुपारी बाहेर गोळीबार चालू होता. आईने दार अडवलं. ‘आलोच’ म्हणून तिच्या हाताखालून निसटलास. कुठे आलास? नाक्यावर पडलेल्या कुणा अनोळखी माणसाला ओढून आणायला गेलास आणि स्वतःच गोळी खाल्लीस. तो जगला म्हणे. मला त्याचाही राग येतो.

मग मुंबईसह आपलं मराठी राज्य झालं. मागच्या रविवारी चाळीत सभा भरली. गोळीबाराच्या दुपारी दाराला कडी लावून बसलेले पुढारी तुझ्या फोटोला हार घालून म्हणाले, ‘भोकर हे काय नाव झालं? हुतात्म्याला शोभेल असं हवं.’

मी उठून ओरडले, ‘अहो, त्यालाच हे आवडलं नसतं!’

तर आई उभी राहिली. ‘त्याका काय आवडला असता ता माका नको सांगू. माझ्या झिलाचा नाव माका रोज बघूक व्हया.’

मी खाली बसले.

आज ती पाटीखाली उभी होती. वाचता कुठे येतं तिला? बोट दाखवून एकेक अक्षर विचारत राहिली. मी दात आवळून वाचून दाखवलं. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा वाचलं.

तू रागावला असशील ना? रागाव! मीही रागावलेच आहे. त्यांच्यावर, त्या पाटीवर आणि सगळ्यात जास्त तुझ्यावर.

पण शब्द देते. आई आहे तोवर त्या पाटीला कुणाला हात लावू देणार नाही. तिच्यानंतर मात्र मी स्वतः शिडी लावीन आणि तुझं नाव उतरवून घरी आणीन.

तुझी, अजून चिडलेली,
मंदा