पांढऱ्या पट्टीची मागची कड

वेल्डन, नेब्रास्का
१५ नोव्हेंबर १९७७

चि. व्हर्लिन यास अ. उ. आ.

तुझ्या लोइसच्या गुडघ्याला उतार पडला असेल. तिच्या भोपळ्याच्या गोड पाईची इथे सगळे आठवण काढतात. तुझी कुणी काढत नाही.

आता खरं काय ते लिहिते. शनिवारच्या मॅचनंतर आमचा गॅरिट वसतिगृह सोडून सरळ घरी आलाय आणि धड जेवत नाही. कोचनं सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, दोन इंच, गड्या, दोन इंच! आईनं दूध पाजलं होतं की ताक? मी त्या कोचला चार शब्द सुनावायला निघाले होते, पण तुझ्या वेंडेल भावजींनी गाडीची किल्ली लपवून ठेवली. काल पोरगा केस कापायला गेला, तर खुर्चीतल्या माणसानं काही न बोलता नुसती दोन बोटं वर केली. दुकान हसलं. हा तसाच परत आला. आता म्हणतो, खेळ सोडतो आणि कॉलेजही सोडतो.

मला त्या फुटबॉलातलं ओ की ठो कळत नाही. तो चेंडू काखेत घेऊन पळायला लागला की मी डोळे मिटते. पण तू तर मोजायची साखळी घेऊन त्याच्यापासून दोन पावलांवर उभा होतास. तूच काहीतरी लिही. मामा कधी खोटं बोलत नाही, असं तो लहानपणापासून म्हणत आलाय. तुमचं कॉलेज अकरा वर्षांनी जिंकलं, त्याचं अभिनंदन मात्र नाताळपर्यंत राहू दे. सध्या मन होत नाही.

भावाबहिणीचा लोभ आहे तेवढा तरी टिकव.

तुझी,
आर्लिसताई

---

न्यू हार्लिंगेन, आयोवा
१८ नोव्हेंबर

ती. आर्लिसताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मका निघाला, पाणथळ तुकडा तेवढा उभा आहे. रविवारी लोइस काठीशिवाय चर्चला चालत गेली. डुकरिणीला अकरा पिल्लं झाली, पैकी नऊ जगतील असं वाटतं.

गॅरिटला सांग, तो जीव तोडून धावला. पंचांनी चेंडू ठेवला, साखळी ताणली, जे दिसलं ते दिसलं. कुणाचा दोष काढत बसू नये.

कामं पडली आहेत. लोभ असू दे.

तुझा,
व्हर्लिन

---

वेल्डन
२५ नोव्हेंबर

चि. व्हर्लिन यास अ. उ. आ.

काल थँक्सगिव्हिंगला टर्की कापायच्या आधी तुझं पत्र मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. गॅरिटनं एक ओळ पुन्हा वाचायला लावली, ती ‘जे दिसलं ते दिसलं’ ही. मग म्हणाला, मामा म्हणतात म्हणजे मी खरंच कमी पडलो. आज सकाळी त्यानं खेळाचे कपडे पोत्यात भरले. सोमवारी कॉलेजात जाऊन परत करणार आहे.

तू तीन पानांच्या खाली कधी लिहीत नाहीस. यावेळी अर्धंच पान, आणि त्यात अर्ध्या डुकरिणी. तुझी तब्येत ठीक आहे ना?

जिवाला जप. लोभाची काळजी मी करते.

आर्लिसताई

---

न्यू हार्लिंगेन
२८ नोव्हेंबर

ती. आर्लिसताईस सा. न. वि. वि.

हे पत्रही त्याच टेबलावर, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. तुला कळावं म्हणून खेळातलं थोडं सांगतो.

चार डावांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. ते दहा यार्ड आम्ही मैदानाच्या कडेला मोजतो. दोन काठ्या आणि मधे साखळी. साखळी जिथे मैदानावरच्या एखाद्या पांढऱ्या पट्टीवरून जाते, तिथे मी चिमटा लावतो. शंका आली की साखळी उचलून आत न्यायची, चिमटा त्याच पट्टीवर ठेवायचा आणि ताणायची. पुढची काठी चेंडूच्या पलीकडे गेली तर यार्ड कमी पडले; चौथ्या डावात तसं झालं तर चेंडू दुसऱ्या संघाला जातो. पट्टी चार इंच रुंद असते. म्हणून चिमटा तिच्या कुठल्या कडेला लावला होता, हे लक्षात ठेवावं लागतं. ते फक्त चिमटेवाल्याला माहीत असतं. सगळे त्याच्या शब्दावर चालतात.

आपल्या बाबांनी हे काम मला दिलं तेव्हा सांगितलं होतं, साखळी धरणाऱ्याला गाव नसतं. म्हणून आम्ही टाळी वाजवत नाही, ओरडत नाही. बाबा नेहमी पुढच्या कडेला चिमटा लावत. यंदा नव्या पंचांनी कुठलीही कड चालेल, फक्त लक्षात ठेव, असं सांगितलं. त्या डावात मी मागच्या कडेला लावला होता.

गॅरिट खेळाडूंच्या ढिगात घुसला. चौथा डाव होता, शेवटची चार मिनिटं. आम्ही साखळी आत नेली. पंचांनी विचारलं, कुठली कड? वीस वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघालं, पुढची. त्यांनी चिमटा पुढच्या कडेवर दाबला. साखळी चार इंच पुढे सरकली.

ताई, काठी रोवायच्या आधीच मला कळलं होतं. पंच गुडघ्यावर बसले. मी तीन श्वास घेतले, ते मोजलेत. तेवढ्यात थांबा म्हणता आलं असतं. कडेला अख्खं गाव उभं होतं. अकरा वर्षं! मी गप्प राहिलो. पंचांनी दोन बोटं वर केली, दोन इंच कमी. खरं तर तो दोन इंच पुढे होता. ढिगातून उठून गॅरिटनं माझ्याकडे पाहिलं. मी साखळीकडे पाहिलं.

पहिली चूक जिभेची होती. नंतरचं पाप माझं. आणि तू विचारल्यावर ‘जे दिसलं ते दिसलं’ असं लिहिलं, ते तर शाईनं केलं.

काल उपासना संपल्यावर मी उभा राहिलो आणि हे सगळं सांगितलं. पास्टर खाली बघत होते. बाहेर शेजारच्या ऑर्व्हिलनं मला गाठलं. म्हणाला, वेड्या, देवाला सांगायचं होतंस, आम्हाला कशाला सांगितलंस? आज कॉलेजात जाऊन चिमटा आणि पांढरा अंगरखा परत केला. निकाल बदलत नाही म्हणाले. दोन्ही कोचना आणि पंचांना लिहिलं आहे. तुझ्या गावच्या न्हाव्यालाही लिहिलं आहे.

लोइस काल दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आज कॉफी ठेवून गेली.

लोभ ठेव असं लिहायला हात उचलत नाही. ठेवलास तर मला कळव, एवढंच.

व्हर्लिन

---

वेल्डन
६ डिसेंबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

आईनं पत्र वाचायला घेतलं, पण ‘कुठली कड?’ इथे आल्यावर तिनं कागद बाबांच्या हातात दिला. पुढचं बाबांनी वाचलं. मी कोठारात जाऊन जमिनीवर चुन्यानं चार इंचांची पट्टी ओढली आणि तिच्याकडे बराच वेळ पाहत बसलो.

मला राग आला, मामा. अजून आहे. तो डाव मिळाला असता तरी पुढे चाळीस यार्ड होते. कदाचित आम्ही हरलोच असतो. पण ते हरणं माझं असतं. ते तुम्ही घेतलंत आणि बदल्यात मला दोन बोटं दिलीत.

कपडे परत केले होते, ते कोचनं स्वतः घरी आणून दिले. ताकाबद्दल त्यांनी आईची माफी मागितली. आईनं त्यांना ताक प्यायला दिलं. न्हाव्यानं तुमचं पत्र आरशाला चिकटवलंय, तेही मला न विचारता. मला तिथे आता जास्तच लाज वाटते, पण केस वाढलेत, जावं लागेल.

पुढच्या वर्षी सामना आमच्या मैदानावर आहे. तुमच्या हातात साखळी नसेल. तुम्ही या. पाहुण्यांच्या बाजूला बसून हवं तर तुमच्या गावासाठी ओरडा. वीस वर्षांचं साचलं असेल. मी पळताना तुमचा आवाज आला तर मला बरं वाटेल असं म्हणत नाही. पण तो तुमचाच आहे एवढं कळेल.

आईला खाली चार ओळी लिहायला सांगितल्या. नाही म्हणाली. तिच्याकडे लोभ आहे की नाही, तेही विचारलं. पाकिटावरचा पत्ता मात्र मला लिहू दिला नाही. तो तिच्या हातचा आहे, पाहा.

तुमचा,
गॅरिट