आठ चमचे माशाचं तेल

३ नोव्हेंबर १९१३, सोमवार

आज नातीला, बिबीजानला, दवाखान्यात नेलं. दोन वर्षं पुरी झाली, अजून उभी राहत नाही. बसून सरकते. तिच्या सरकण्याचा आवाज मला पुढे दुकानात ऐकू येतो, आणि मग हातातलं घड्याळ चालू आहे की बंद, तेच कळेनासं होतं.

डॉक्टर म्हणाले, मुडदूस आहे, हाडं मऊ राहिलीत. रोज चमचाभर माशाचं तेल आणि उघड्या अंगावर ऊन. केलंत तर पाय सुधारतील, नाही तर वाकतील ते जन्माचे. मी विचारलं, माशाचा आणि हाडाचा संबंध काय? म्हणाले, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही, पण गुण येतो. माणूस प्रामाणिक वाटला. तीन महिन्यांनी दाखवा म्हणाले.

तीन महिने कशाला? एके काळी स्टेशनवर कंदील पुसणारा हा बंदा शमशुद्दीन आज गुजरी पेठेच्या तोंडाशी स्वतःच्या दुकानात घड्याळजी म्हणून बसतो. तो एका चमच्याला भिणार?

४ नोव्हेंबर, सकाळ

बाटली आणली. कॉड लिव्हर ऑइल, अस्सल विलायती. घरात कुरकुर. आमचं कुटुंब मेहमुदा म्हणाली, साहेबाच्या बाटलीत काय असतंय कुणाला ठावं, दारू असली तर? मी म्हणालो, आधी मी पितो. महिनाभर पितो. मला काही झालं नाही तर पोरीला द्या. ती म्हणाली, महिना नगो, आठ दिवस प्या. मधी खाडा न्हाय. मग देऊ की.

सून फातिमा पदराआड हसली असं वाटलं. ऐकू आलं, म्हणजे हसलीच.

आठ चमचे. पुढच्या बुधवारी पोरीला पहिला चमचा.

४ नोव्हेंबर, संध्याकाळ

बूच काढलं. बूच लावलं. वासाचं वर्णन करत नाही, वहीला लागेल. उद्यापासून.

५ नोव्हेंबर

चमचा तोंडापर्यंत गेला. तोंड उघडलं नाही. यात माझा दोष नाही, तोंडाचा आहे. जेवणानंतर घेतो म्हणून चमचा दुकानात नेला. तिथं घड्याळाच्या तेलाची बुधली उघडी होती. चमचा तिच्यात रिकामा झाला. वाया गेला नाही. स्टेशनवरचा गार्डसाहेब सांगायचा, विलायतेत घड्याळाला माशाचंच तेल घालतात.

संध्याकाळी घेतलं म्हणून सांगितलं. मेहमुदाने अगदी जवळ येऊन वास घेतला. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, इतक्या जवळ ती बऱ्याच वर्षांनी आली. म्हणाली, अवं, तोंडाला नुसता पानाचा वास हाय. मोजणी उद्यापासनं.

८ नोव्हेंबर

काल आणि आज लागोपाठ जमलं. म्हणजे चमचा रिकामा झाला, आणि घरात जाताना मिशीला थोडं तेल लावून गेलो. मेहमुदाने वास घेतला, मान हलवली. मग म्हणाली, जीभ दावा. पुन्हा एकपासून.

बाई फौजदार व्हायची, चुकून माझ्याकडे आली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज पोरीला सुरुवात व्हायची होती. मी सांगून बघितलं, आता देऊन टाका, मी जिवंत आहेच की. मेहमुदा म्हणाली, प्यालंच न्हाय त्याला काय हुतंय? आठ म्हंजे आठ.

बायकांचा हट्ट. पोर अडकलीय ती त्यांच्यापायी. मी तर पहिल्या दिवसापासून तयार आहे.

हंबीररावांचं भिंतीवरचं घड्याळ साफ करून दिलं. हे पागेतले जुने दफेदार, वेळेचे कडक. बुधलीतलं नवं तेल घातलं. लोण्यासारखं चाललं.

१६ नोव्हेंबर, रविवार

तेलाचं माझ्याकडून होईल तेव्हा होईल, उन्हाचं तरी मार्गी लावू. टाइमटेबल लिहून भिंतीला लावलं: सकाळी सव्वासात ते पावणेआठ, मी स्वतः पोरीला अंगणात मांडीवर घेऊन बसणार. फातिमा म्हणाली, अब्बा, नजर लागंल. मी म्हणालो, टाइमावर बसवलेल्याला नजर लागत नाही.

१७ नोव्हेंबर

जाग आली तेव्हा नऊ वाजले होते. उशाचं घड्याळ सहावर थांबलेलं. परवाच तेल दिलं होतं, तरी.

२४ नोव्हेंबर

बाटली अर्धी झाली. मी एवढी ओतलेली नाही. विलायती माल, आपल्या हवेत उडत असावा. बूच घट्ट लावत जा म्हणून फातिमाला बजावलं. ती जी म्हणाली आणि घाईने आत गेली.

आमच्या बायका रोज अकराच्या सुमाराला मागच्या दाराने शेजारच्या तानाबाईच्या गोठ्याकडे जाऊन बसतात. तानाबाई म्हशी राखते, दूध घालते. पोरीलाही नेतात. भिंतीपलीकडून हसणं ऐकू येतं. घरात पोर अशी, आणि यांना गप्पा सुचतात. घरात काळजी करणारा मी एकटाच.

८ डिसेंबर

मोहरम. चोहीकडे शरबत वाटतात. गोडाच्या दिवसांत असलं काही घेऊ नये. मोजणी नंतर.

पोरगी काळवंडलीय. चुलीपाशी बसवू नका म्हणून मोठ्याने रागावलो. तानाबाई भिंतीवरून म्हणाली, घड्याळजी, तुमी आपलं काटं बघा की.

१९ डिसेंबर

हंबीरराव घड्याळ बगलेत मारून आले. म्हणाले, शमशुभाई, ह्येच्याखाली पाच मांजरं बसून असत्यात. ठोका पडला की वर बघत्यात. आन् कालपास्नं नऊच वाजल्यात. मी म्हणालो, घरात उंदीर झाले असतील. ते म्हणाले, उंदीर आमी भिंतीला टांगत न्हाय.

उघडलं. आत तेलाचा डिंक झाला होता. गार्डसाहेबाने मासा कोणता ते सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत अकरा घड्याळं उघडली. दुकानाच्या पायरीवरची मांजरं मोजली नाहीत.

बुधली राखेने घासून टाकली. आता चमच्याला जायला दुसरी जागाच उरली नाही. पोटच. एका अर्थी बरं झालं.

२० डिसेंबर

पोटाकडे निघाला होता. अर्ध्या वाटेतून परत आला.

मोजणी शून्य. सव्वा महिन्यापूर्वी पोरीला सुरू व्हायचं होतं. माझ्या एका जिभेपायी तिचे पाय वाकले, तर मुलाला, अमीनला, मिरजेला काय लिहून कळवू? की तुझ्या बापाला वास सोसला नाही?

उद्या. नाक चिमट्यात धरून. घड्याळाचा चिमटा आहेच.

२१ डिसेंबर

चिमटा नाकाला लागला. रक्त आलं. दुखापतीत औषध घेऊ नये.

४ जानेवारी १९१४

दुपारी सरकण्याचा आवाज बंद झाला म्हणून आत डोकावलो. बिबीजान माझ्या जुन्या स्टुलाला धरून उभी होती. पाय लटपटत होते, पण उभी. माझ्याकडे बघून हसली आणि धपकन बसली.

भिंग डोळ्याला लावून दुकानात बसून राहिलो. भिंगामागचं कोणाला दिसत नाही.

मग विचार केला. तेल न घेता उभी राहिली कशी? उलगडा असा: वीस तारखेला दोन थेंब तरी माझ्या घशाखाली गेलेच होते. रक्त एकच. आजोबाला लागलं ते नातीला लागलं. मेहमुदाला हे समजावून सांगितलं. ती खाली मान घालून तांदूळ निवडत होती. मग म्हणाली, व्हय, तुमचीच किरपा.

४ फेब्रुवारी, बुधवार

तीन महिने पुरे झाले. सगळे टांग्याने दवाखान्यात गेलो. पोरगी टेबलाला धरून चार पावलं चालली. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, खूश झाले. विचारलं, इतकं नेमाने कोणी केलं? मी छाती पुढे काढून बोलणार, तोच बुरख्यातून फातिमा म्हणाली, पाच नवंबरपासनं रोज चमचा, एक दिस खाडा न्हाय. ऊन अकराला, तानाबाईच्या गोठ्यापुढं, अंगाला तेल चोळून.

मी छाती हळूच आत घेतली.

टांगा परतीला लागला. मी विचारलं, दारूचं काय झालं? मेहमुदा म्हणाली, मासाच हाय त्यो, चार तारखेलाच कंपौंडर आकारामला इचारून आलते, फुडच्या बाटल्याबी त्येच्याकडनंच आणल्या. तुमच्यावर थांबलो असतो तर पोरगी निकाहाला सरकत गेली असती.

मग मला आठ दिवसांचा जाच कशाला? म्हणाली, पैल्या दिवशी तुमी दवाखान्यातनं टांगा बघाय भाईर गेलता. तुमचं गुडघं पायरीवर वाजलं ते डॉक्टरनं ऐकलं. म्हणालं, आजोबालाबी हेच तेल पाजा. सोताच्या जिवासाठी तुमी पिणार न्हाईसा. नातीसाठी तरी प्याल, असं वाटलं मला.

वीस पावलांवरून मी घड्याळाचा आजार ओळखतो. हे गुडघे तर माझ्याच खाली आहेत.

५ फेब्रुवारी

नवी बाटली आली. सकाळी चुलीपुढे बिबीजानने आपला चमचा घेतला, ओठ चाटले, आणखी मागितलं. मेहमुदाने दुसरा भरून तिच्या हातात दिला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी उठलो. दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखं वाटलं. गुडघे कडकड वाजले, तरी निघालो.

पोरगी मागून आली. चमचा दोन्ही हातांत, निम्मं तेल फरशीवर, कशालाही न धरता. एक पाऊल, थांबली, दुसरं, तिसरं. मी मोजत उभा राहिलो. सातव्या पावलाला तिने मला उंबऱ्यात गाठलं.

खाली बसलो. तोंड उघडलं. चमच्यात उरलं होतं तेवढं सगळं प्यालो.

मेहमुदा म्हणाली, निम्मा हुता त्यो. मोजणीत धरायचा न्हाय.