दुष्काळ संपल्याचा हुकूम

कल्याण
आश्विन वद्य ५, शके १८१९

चि. प्रभाकर यास,

तुझ्या गोदूताईचा पोटभर आशीर्वाद. आम्ही सगळी हिंडतीफिरती आहोत, म्हणजे या वर्षी कुशलच म्हणायचं. मंदाकिनीला दिवस गेल्याचं वाचून मला किती आनंद झाला ते काय लिहू. तिला मासळीचा वास सोसत नाही म्हणतोस, तर बळेच खायला घालू नका. कोकमाचं सार करून द्या, वर थोडा गूळ. पुढच्या महिन्यात आपणच मागून खाईल.

इकडे गाव पुन्हा भरलं. उन्हाळ्यात गाठीच्या तापाच्या भयाने पारनाका ओस पडला होता. आम्हीही दीड महिना माळावर झोपड्या घालून राहिलो, ते तुला ठाऊकच आहे. आता घरोघरी भिंतींना चुना लागला आहे. हरिहरभाऊजींच्या थोरल्या मुलीचं माघात ठरतं आहे. स्थळ पनवेलचं, मुलगा शाळेत मास्तर आहे. शेताचा खंड यंदा पुरता आला. भात एवढं उभं आहे की जो तो म्हणतो, देवाने वर्ष फिरवलं.

रतनचं तू काही विचारलं नाहीस. तरी लिहिते.

तू तिला एकदाच पाहिलंस, ती दाराआडून बाहेरच आली नाही. स्टेशनापलीकडच्या दुष्काळी छावणीत तिची आई तापाने गेली, तेव्हा मामलेदारांनी गावातल्या चार घरी विचारलं की पोरकी मुलं कोणी सांभाळील का, सरकार मुलामागे महिन्याला पैशांची नेमणूक देईल. भाऊजींनी मोठ्या मनाने हो म्हटलं. मोठ्या मनाने हे मी उगाच लिहीत नाही. दुसऱ्या दोन घरांनी घाटावरची, कुणाची कोण म्हणून परतवली होती. मूल मी सांभाळणार म्हणून नेमणूक माझ्या नावाने लावली. इथे आल्यापासून माझ्या नावाने काही आलं असेल तर ते तेवढंच. पैसे मी भाऊजींच्या हाती देत होते, तरी सही माझी.

पहिले कितीतरी दिवस पानात काही वाढलं की ती विचारायची, "हे माझं?" मी हो म्हटल्याशिवाय घास उचलायची नाही. आता विचारत नाही. जेवते पडवीत, कारण स्वयंपाकघरात तिला घ्यायचं नाही असं आमच्या जाऊबाईंनी, कलावतीबाईंनी, ठरवलं आहे. पण त्यांनीच आपलं जुनं लुगडं फाडून तिला दोन परकर शिवले. माणसाचं असंच असतं.

महिन्यातून एकदा कचेरीतला कारकून मूल बघायला येतो. रतन त्याच्यासमोर ताठ उभी राहते आणि त्याने तोंड उघडायच्या आधी सांगते, "पोटभर मिळतं, सायेब." परवा बांगड्या भरायला कासार आला, त्यालाही तिने तेच सांगितलं. आम्ही सगळ्या हसलो. मग मला हसवेना.

या खेपेला कारकून हुकूम घेऊन आला. दुष्काळ संपला आहे. कार्तिकापासून दुष्काळ खातं बंद, म्हणून मुलांच्या नेमणुकाही बंद. ज्यांचे नातलग आहेत त्यांचा शोध लावतील, बाकीची कुठल्या अनाथाश्रमात धाडतील. कोणाला आपल्या खर्चाने ठेवायचं असेल तर सरकारची हरकत नाही. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. जेवताना एवढंच म्हणाले, "आता पुढचं बघायला हवं."

तू कलेक्टर कचेरीत आहेस. अशा कामात चार-सहा महिने वाढवून मिळतात का, एवढं विचारून कळव. घाई नाही.

घाई नाही असं लिहून गेले, पण कार्तिक आलाच की.

तुझी
गोदूताई


कल्याण
कार्तिक शुद्ध ७

चि. प्रभाकर यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दिवाळी सगळ्यांची बरी गेली. मंदाकिनी खाऊ लागली हे फार चांगलं झालं.

तू लिहितोस ते समजलं. दुष्काळाचे पैसे दुष्काळालाच खर्चायचे, दुसऱ्या कशाला लावता येत नाहीत. नियम वरून आला आहे आणि कलेक्टरसाहेबांच्याही हातात काही नाही. तू विचारलंस, एवढंही तुझ्या नोकरीत सोपं नसेल.

मला मात्र राहवलं नाही. मंगळवारी आमच्या भांडी घासणाऱ्या रंगूबाईला बरोबर घेऊन मी मामलेदार कचेरीत गेले. हो, मीच. तुला धक्का बसेल, भाऊजींनाही बसला. बाहेर पक्षकार, पट्टेवाले, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मामलेदार भला माणूस. त्यांनी स्टूल आणवलं. मी बसले नाही.

मी म्हटलं, "रावसाहेब, मुलीची नेमणूक बंद झाली."

ते म्हणाले, "बाई, दुष्काळ संपला."

"दुष्काळ संपला, पण हिची आई परत आली नाही. ही कालच्यासारखीच पोरकी आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "सरकार दुष्काळाला पैसे देतं. पोरक्या मुलाला पैसे द्यावेत असं खातंच नाही. असतं तर मी आज लिहिलं असतं. माझ्याकडे अशी आणखी मुलं आहेत, बाई. तुम्ही निदान विचारायला तरी आलात."

त्यांच्याशी भांडावं असंही काही त्यांनी ठेवलं नाही. मी नमस्कार करून परत आले.

घरी भाऊजी ओटीवर बसले होते. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत, हेच अवघड गेलं. म्हणाले, "वहिनी, मला चार मुली आहेत. ही पाचवी. उद्या हिचंही लग्न आलं, आणि तिची जात-कूळ कोण विचारणार नाही? जे सरकारला पेलत नाही ते मला कसं पेलेल?" यजमान गेल्यावर मला याच घराने ठेवून घेतलं. माझ्यामागे तर कोणाची नेमणूकही नव्हती.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. पत्र मघाचं सुरू केलं आहे आणि इकडच्यातिकडच्या गोष्टी भरते आहे.

रतन आणि मी, दोघी तुझ्याकडे आलो तर?

मंदाकिनीचं बाळंतपण मी काढीन. स्वयंपाक, पाणी, तेल-न्हाणं, सगळं. तुमच्या तलावाजवळच्या बिऱ्हाडात मागे न्हाणीजवळ आडोसा आहे, तिथे आम्ही दोघी मावतो. रतन वाटण वाटते, केर काढते, बोलते फार थोडं. तुला तिचा त्रास होणार नाही. आपली आई गेली तेव्हा तू रतनएवढाच होतास. रात्री माझी बोटं धरून झोपायचास, सोडवली की जागा व्हायचास. हे मी काही परत मागायला लिहीत नाही. नुसतं आठवलं.

मंदाकिनीला विचार. रागाने नको, नीट विचार. भाऊजींनी तुळशीची लग्नं होईपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे.

तुझी
ताई


कल्याण
मार्गशीर्ष वद्य ३

चि. प्रभाकर यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला महिना लागला. हात चालत नव्हता.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. मंदाकिनीची आई बाळंतपणाला येणार, बिऱ्हाड दोन खणांचं, घरमालक कटकट्या. "ताई, तू एकटी केव्हाही ये, मुलीचं पुढच्या वर्षी पाहू," असं लिहिलंस. पत्र वाचलं तेव्हा रतन समोर बसून लसूण सोलत होती. मी कागदाची घडी घातली आणि तिच्याबरोबर सोलायला बसले.

इथे थंडी बरीच पडली आहे. पनवेलचं स्थळ पक्कं झालं. कलावतीबाईंचा गुडघा दुखतो, मी रोज निर्गुडीचा शेक देते.

रतन गेली.

कार्तिक सरता सरता कचेरीचा शिपाई एका माणसाला घेऊन आला. दगडू नाव, तिच्या आईचा भाऊ, नगराकडचा. पाटलामार्फत शोध लागला म्हणे. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला मुंडासं, माणूस आतून पोखरलेला दिसत होता. दारात रतनला बघितलं आणि तिथेच खाली बसून रडायला लागला. तिने त्याला ओळखलं नाही. माझ्यामागे येऊन उभी राहिली.

मी त्याला भाकरी-कालवण वाढलं. त्याने हात धुतला आणि म्हणाला, "बाई, पोर तुमच्यापाशी सुखात हाय. म्या नेऊन काय करू? कारभारीण गेली, घरात बाईमाणूस न्हाई. माझी दोन पोरं शेजारीण सांभाळती. हिला तुम्हीच ठेवून घ्या की."

प्रभाकर, मी इतके दिवस ज्या एका गोष्टीसाठी सगळ्यांची दारं ठोठावत होते, ती त्या माणसाने आपण होऊन माझ्यापुढे ठेवली. मी ओटीकडे पाहिलं. भाऊजी तिथेच होते, सगळं ऐकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी म्हटलं, "माझ्या हातात नाही, बाबा."

तो म्हणाला, "मग कुणाच्या हातात हाय?"

शिपाई अंगणात विडी ओढत होता, त्यानेही तोंड फिरवलं. दगडूने भाऊजींकडे पाहिलं, शिपायाकडे पाहिलं, मग आपणच उठला. "चल पोरी," म्हणाला.

मी तिचे दोन्ही परकर, एक चोळी, थोडे पोहे आणि गुळाचा खडा बांधून दिला. केस विंचरले. ती रडली नाही. मला विचारलं, "परत कवा यायचं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "संक्रांतीला." का तसं म्हटलं ते अजून कळत नाही. तिला ते पटलं. मामाच्या मागून नाक्यापर्यंत चालत गेली, वळून बघितलंही नाही. परत यायचंच आहे तर माणूस कशाला वळून बघेल? संक्रांतीला आता महिनाच उरला आहे.

भाऊजींनी दगडूला गाडीचं तिकीट काढून दिलं. त्या दिवशी ते पानावरून तसेच उठले. त्यांना दोष देऊन मला बरं वाटेल असं होत नाही.

हे सगळं मी मनात मिटवून टाकलं होतं. निदान मामाच्या घरी आहे, रक्ताच्या माणसात आहे, अशी समजूत घालत होते. काल तोच कारकून रस्त्यात भाऊजींना भेटला. म्हणाला, दगडू गावी एकटाच पोचला. पाटलाने विचारलं तेव्हा म्हणाला, वाटेत कुठल्याशा स्टेशनाजवळ मिशनचा आश्रम होता, तिथे दुष्काळातली मुलं घेत होते, तिथे मुलगी दिली. कुठलं स्टेशन ते त्याला धड सांगता येईना. रडतच होता म्हणे. भाऊजींनी विचारलं, मग कचेरीत याची नोंद? कारकून म्हणाला, "अहो, खातंच बंद झालं. नोंद करायची कुठे?"

भाऊजींनी हे मला येऊन सांगितलं. न सांगते तरी चाललं असतं. सांगितलं, आणि म्हणाले, "वहिनी, प्रभाकररावांना लिहा." म्हणून हे पत्र.

घाटावरच्या लोहमार्गावर असे आश्रम किती आहेत ते तुमच्या कचेरीत कोणाला तरी माहीत असेल. प्रत्येकाला एक पत्र टाक. मजकूर तुझ्या मनाने लिही, फक्त खूण नीट दे. मुलगी सहा-सात वर्षांची, सावळी, डाव्या भुवईत भाजल्याचा डाग. उजव्या पायाचं करंगळीचं बोट शेजारच्या बोटावर चढलेलं. नाव रतन. तिथे तिला दुसरं नाव ठेवलं असेल, तर त्या नावाने हाक मारल्यावर ती लगेच ओ देणार नाही, एवढं लिही. बापाचं नाव मला माहीत नाही. तिलाही नीट माहीत नव्हतं.

सापडली तर मी काय करणार, ते विचारू नकोस. आणता येणार नाही हे मला तुझ्याइतकंच कळतं. पण कुठे आहे ते ठाऊक असलं तर मी त्या दिशेला तोंड करून तरी बसेन.

पत्राखाली तुझं नाव आणि हुद्दा घाल, म्हणजे उत्तर येईल. ते विचारतील की शोध घेणारी बाई मुलीची कोण. ती मला कसलीच हाक मारत नसे. काही हवं असलं तर जवळ येऊन पदर ओढायची. मावशी म्हणावं तर नातं नाही, आणि दुसरा शब्द लिहायचा मला अधिकार नाही. काल रात्रीपासून विचार करते आहे, सुचत नाही. त्या जागी तुला योग्य वाटेल ते तूच लिही.

तुझी बहीण
गोदू