‘पाणी’खालची लाल रेघ

१२ नोव्हें., बुध.
मास्तर आज लॅपटॉपवर बसले. पावसाळ्यात झटका आला तेव्हापासून उजवा हात लुळा, बोलणं तुटक. वर्ध्याच्या डॉ. बाई म्हणाल्या, रोज थोड्या ओळी टाइप करू द्या, हात आणि डोकं दोन्ही कामाला लागतील. आमच्या बाळूने भोपाळहून त्याचा जुना लॅपटॉप पाठवलाय. माझं आयुष्य तहसीलमध्ये टायपिंग करण्यात गेलं, पण हे मशीन मला नवंच.

मी वाक्य सांगायचं, त्यांनी डाव्या हाताच्या एका बोटाने लिहायचं. ‘मला पाणी हवे.’ एवढं होईस्तोवर चहा गार. आणि शब्द पुरा झाला की खाली लाल नागमोडी रेघ. ‘मला’खाली, ‘पाणी’खाली, ‘हवे’खाली. मास्तरांनी ‘पाणी’तला ण पुसून न केला. रेघ गेली.

या माणसाने सगळी हयात हिंगणीच्या शाळेत मराठी शिकवलं. अख्खं गाव पानी म्हणणारं, आणि हे त्या एका ण साठी पोरांना उभं करत. लग्न नवीन होतं तेव्हा मलासुद्धा सोडलं नाही. आज स्वतःच्या हाताने न केला.
पुढे काही लिहिलं नाही. जेवणही अर्धंच.

१३, गुरु.
बसले नाहीत. मी म्हटलं, मशीन चुकत असेल. तर कपाळाला बोट लावून म्हणाले, "हे बिघडलं."
हिंमत खचली की बोलणं परत येणं अवघड, असं डॉ. बाईंनी बजावलंय. त्याचीच भीती वाटते. लॅपटॉप उचलून विहिरीत टाकावा असं दिवसभर मनात.

१५, शनि.
दुपारी ते झोपले असताना एकटीने सगळे मेनू धुंडाळले. एका ठिकाणी चौकट सापडली, शुद्धलेखन तपासू नका. केली खूण. लाल रेघा सगळ्या गायब!
संध्याकाळी लाडीगोडी लावून बसवलं. ‘आज शनिवार आहे.’ खाली काही नाही. दुसरी ओळही लिहिली. मी स्वतःवरच खूश, गोडाचा शिरा केला.

१७, सोम.
कसलं काय. आज ‘शनीवार’ लिहिलं, नी दीर्घ. मुद्दाम, डोळ्यांवरून कळतं मला. मग हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसले. रेघ येईना.
"लाल... तू बंद केलं?"
हो म्हटलं. नंतर कितीतरी वेळ शब्द जुळवत होते. ओठ हलायचे, आवाज नाही. मी घाई केली नाही.
"मले सोडून देलं काय?"

तपासायला घरी आणलेल्या वह्या मी वर्षानुवर्षं पाहिल्यात. सगळ्या लालेलाल असायच्या. ज्या पोराची आशाच सोडली, फक्त त्याची वही मास्तर कोरी मिटून ठेवत. आणि मी काय केलं, तर यांची वही कोरी ठेवली.
हात धरला. म्हटलं, "तुमाले कोन सोडते? तुमी हिरमुसून राह्यले होते, मले पाहावलं नाई." दोघंही रडलो. स्वयंपाकाला उशीर.

१८, मंगळ.
बाळूला फोन. आधी त्यालाच चार शब्द सुनावले. तो शांतपणे म्हणाला, "आई, खाली पट्टीवर भाषा कोनती दिसून राह्यली?"
हिंदी! त्याचं बँकेचं काम हिंदीत, म्हणून तीच लावलेली. म्हणजे मास्तरांचं मराठी हिंदीच्या मापाने तपासलं जात होतं. त्या भाषेत पानीच बरोबर, मग रेघ जाणारच की. आणि इकडे हे कपाळाला बोट लावून बसले.

मराठीची फाइल उतरवून घ्यायला दुपार गेली, आमच्या गावचं नेटवर्क काय सांगावं. मग बाळू सांगेल तसं करत गेले. सगळा मजकूर निवडला, रिव्ह्यू, लँग्वेज, यादीत मराठी, माझी ती खूण काढली. मास्तरांना शेजारी बसवूनच केलं. त्यांनी ‘पाणी’ लिहिलं. साफ. ‘पानी’ लिहिलं. लाल. त्या लाल रेघेवर बोट ठेवून हसले. ओठ एका बाजूने ओढला जातो, पण हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.
मी रडतेय हे बाळूला कळू नये म्हणून फोन लांब धरला.

२२, शनि.
रोज बसतात आता. डॉ. बाईंनी दिलेली वाक्यं बघून बघून उतरवतात. ‘शनीवार’ स्वतः दुरुस्त केलं.
आज मी वर्ध्याला औषधं आणायला गेले, परतीची बस चुकली. आले तो दिवेलागण. शेजारच्या मंदाताईंनी यांना जेवू घालून ठेवलं होतं. मी आल्या आल्या पदर खोचून भांड्यांना लागले. भूक मेलीच होती.

मास्तरांनी टेबल ठोकलं. मी गेले. समोर लिहिलेलं,
‘तू काऊन जेवली नाई’
कोणी दिलेलं नाही, कशात बघून नाही. त्यांच्या मनातलं पहिलं वाक्य. ‘का’ऐवजी ‘काऊन’, त्याखाली लाल, ‘नाई’खाली लाल. पूर्वी घरातसुद्धा पुस्तकासारखं बोलायचे. झटक्यानंतर जीभ गावाकडे वळलीय, आता बोटंही.

सुधारू का, विचारलं. त्यांनी रेघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"पयले जेव."
मी जेवले. ते समोर बसून होते.

सोमवारी डॉ. बाईंना फाइल दाखवायची आहे. सुधारणा किती, हे त्या यावरूनच ठरवणार, आणि याहून चांगलं वाक्य त्यात दुसरं नाही. पण ते त्यांनी मला लिहिलंय. दाखवू की काढून ठेवू, ठरत नाही.