वर केलेला हात

अण्णा, काल महाळुंग्याच्या कारखान्यात एका बाईंनी मला तुमच्याबद्दल विचारलं. त्या चेक, नवं मशीन बसवून द्यायला पंधरा दिवसांसाठी आलेल्या, आणि मी त्यांची दुभाषी. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, पण माझं पोट अजून तुम्ही शिकवलेल्या भाषेवर चाललंय. जेवणाच्या सुट्टीत त्या म्हणाल्या, इतकी जुन्या वळणाची चेक कुठे शिकलात? मी सांगितलं, वडिलांकडून. ते पिंपरीत टूलरूममध्ये होते, कंपनीने ट्रेनिंगला तुमच्या देशात धाडलं, येताना तिथली एक कादंबरी घेऊन आले आणि तिचं मराठी केलं. कादंबरीचं नाव ऐकल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला. "ती? माझ्या आईला शाळेत सक्तीने वाचायला लावायचे ती!"

त्या हसत होत्या, आणि मला आपलं पिंपळे गुरवचं स्वयंपाकघर दिसत होतं. गुरुवारची, कारखान्याची सुट्टी. तुम्ही भिंतीला टेकून, मांडीवर वही. आई मेथी निवडतेय. कादंबरीतल्या ओतशाळेच्या प्रसंगातलं एक वाक्य सकाळपासून अडलंय: भट्टीतलं लोखंड उसळतं, पण अजून बाहेर पडत नाही. "दूध उतू जायच्या आधी काय होतं गं?" तुम्ही आईला विचारता. "काय होतं म्हणजे? वर येतं." तुम्ही लिहिता, 'लोखंड वर आलं', आणि आईकडे असे बघत राहता की ती लाजून म्हणते, "मेथी निवडा त्यापेक्षा." दोन वर्षं हे चाललं. शेवटचं प्रकरण तुम्ही आम्हा दोघींना वाचून दाखवलंत. नायक ओतकामगार, त्याचा जिवलग मित्र पक्षाविरुद्ध बोलतो, त्याला कामावरून काढायचा ठराव सभेत येतो, आणि नायक ठरावाच्या बाजूने हात वर करतो. लेखकाच्या मते योग्यच करतो. ते वाचताना तुमचा आवाज भरून आला होता.

मी कॉलेजात असताना तिकडचं कम्युनिस्ट सरकार कोसळलं. थोड्याच दिवसांत तुम्हाला तिथे ट्रेनिंग देणाऱ्या जुन्या उस्तादांनी कादंबरीची नवी आवृत्ती पोस्टाने पाठवली. तिच्यात नायक हात वर करतच नाही, सभेतून उठून चालू पडतो. प्रस्तावनेत लेखकाने म्हटलं होतं, मूळ शेवट हाच, आधीचा माझ्याकडून दडपणाखाली लिहवून घेतला होता. मी तुमच्यावर तुटून पडले. "म्हणजे तुम्ही दोन वर्षं घालवून खोटं पुस्तक मराठीत आणलंत!" तुम्ही एवढंच म्हणालात, "वाचलंयस का मूळ? मग खोटं कुणाला म्हणतेस?" असं कठोर तुम्ही माझ्याशी एकदाच बोललात. मला फार लागलं.

मग पुण्याहून तुमच्या अनुवादाचे प्रकाशक आले. खुशीत होते. "नवा शेवट घालून दुसरी आवृत्ती काढू. जग बदललं राव, आता हेच चालणार." तुम्ही म्हणालात, दोन्ही शेवट छापा. "अहो, वाचक गोंधळेल." "मीही गोंधळलोय. त्यालाही गोंधळू दे." त्यांनी तुम्हाला पुष्कळ समजावलं. शेवटी तुम्ही म्हणालात, "दडपण असेलही. मला माहीत नाही. पण हात वर केलेला मी वाचलाय, तो गुपचूप खाली घेणार नाही." ते चहा न घेता गेले. दुसरी आवृत्ती कधी निघालीच नाही, आणि तुम्हीही पुन्हा काही अनुवादलं नाहीत. त्याऐवजी पुढच्या गुरुवारी मला समोर बसवलंत आणि चेकची बाराखडी काढलीत. "स्वतः वाच आणि मग मला बोल."

काल त्या बाईंनी पुढचं सांगितलं, ते तुम्हाला कळायला हवं होतं. लेखक वारल्यावर त्याच्या बायकोने सगळे कागद ग्रंथालयाला दिले. त्यात कादंबरीचा पहिला कच्चा खर्डा निघाला, कुणाच्या नजरेखालून जाण्याआधीचा, त्याच्याच अक्षरातला. त्यात नायक हात वर करतो. दुसरा शेवट सरकार गेल्यावरच लिहिलेला. "आमच्याकडे तेव्हा जो तो सांगत होता, मी आधीपासूनच विरोधात होतो," बाई म्हणाल्या, "त्याने पुस्तकालाही तसंच सांगायला लावलं." मला तुमचा इतका अभिमान वाटला, अण्णा, की डोळ्यांत पाणी आलं. पिंपरीत बसून, एक शब्दकोश आणि आईच्या मदतीवर तुम्ही त्या लेखकाला बरोबर अडवलंत. बाईंनाही ते जाणवलं असावं. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे तुमच्या वडिलांनी त्याचं खोटं तेव्हाच ओळखलं होतं?"

मी हो म्हटलं. म्हटलं, पहिल्या दिवसापासून. एवढ्यावरही थांबले नाही; जुना शेवटही माझ्या वडिलांना कधी पटला नव्हता, असं ठोकून दिलं. तुम्ही तो वाचताना गहिवरला होतात, ते सांगायची मला लाज वाटली. बाईंनी ते सगळं वहीत टिपून घेतलं, आपल्या आईला सांगणार म्हणाल्या, आणि आज पहाटे विमानाने गेल्या. त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे. सकाळपासून खरं काय ते त्यांना लिहायला बसलेय, आणि लिहून झालं ते हे, तुम्हाला.